सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक : रॉबर्ट क्रुलविच यांचे विज्ञानकथन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाटक, कादंबरी, इतिहास हे विषय येणे स्वाभाविकच आहे. त्या पंक्तीत अमेरिकेतील एका नभोवाणी-पत्रकाराचे नाव पाहून काही सभासदांना आश्चर्य वाटले असेल. परंतु बडोद्यात तरी ते फार काळ टिकू नये. १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी पुढे १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण केले, आणि त्यानंतर पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या, हा इतिहास या सभागृहाला सांगावयास नको. त्याही आधी, १८९० साली, त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन स्थापन झाले, त्यामागे रसायन, रंगकाम, यंत्रविद्या हे विषय येथल्या माणसाला त्याच्या भाषेतून शिकता यावेत हीच तळमळ होती. बाहेरचे जे चांगले ते आणावे आणि घरच्या भाषेत रुजवावे, हा या नगरीचा जुना परिपाठ आहे. आजचा विषय त्या परिपाठाला धरूनच आहे.

विषय परका असला तरी त्याकडे पाहण्याचे साधन मात्र घरचेच घ्यावे. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकांना केसोबासांचा ‘दृष्टान्तपाठ’ परिचित आहे. श्रीचक्रधरस्वामींनी वेळोवेळी सांगितलेले ११४ दृष्टान्त त्यात संकलित झाले आहेत. त्याच्या रचनेत तीन अंगे आहेत. प्रथम सूत्र, म्हणजे सांगावयाचा सिद्धान्त. नंतर दृष्टान्त, म्हणजे तो पटावा म्हणून घेतलेली व्यवहारातील गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीतील कोणता भाग सिद्धान्ताच्या कोणत्या भागाला लागू पडतो याची जुळणी. आपल्या सामान्य बोलण्यात पहिली दोन अंगे सहज सापडतात. तिसऱ्याचा बहुधा विसर पडतो. पंडित सूत्र सांगून थांबतो आणि विनोदी वक्ता दृष्टान्त सांगून टाळ्या घेतो. तिन्ही अंगे सांभाळणारा विरळा. रॉबर्ट क्रुलविच यांनी आयुष्यभर विज्ञानाशी जो खेळ मांडला, त्याचे मोल ठरविताना ही तीन अंगे फार उपयोगी पडतात. कारण त्यांचे यश कोठे आहे आणि ते कोठे घसरले, हे दोन्ही त्यांवरून उलगडते.

क्रुलविच यांचा जन्म ५ ऑगस्ट १९४७ चा. ओहायो राज्यातील ओबरलिन महाविद्यालयातून १९६९ साली इतिहास विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि १९७४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण पुरे करून बाहेर पडले. विज्ञानाची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वकिलीची वाट समोर मोकळी असताना, अवघ्या दोन महिन्यांत ती सोडून, वॉटरगेट प्रकरणाचे वृत्तांकन करण्यासाठी ते पॅसिफिका या नभोवाणी-संस्थेकडे गेले. नंतर काही काळ ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाचे वॉशिंग्टन येथील काम त्यांनी पाहिले. १९७८ साली ते नॅशनल पब्लिक रेडिओ, म्हणजेच ‘एनपीआर’, या सार्वजनिक नभोवाणीवर अर्थविषयक वार्ताहर म्हणून दाखल झाले. पुढे सीबीएस आणि एबीसी या मोठ्या दूरचित्रवाणी-संस्थांत त्यांनी काम केले, २००१ मध्ये मानवी जनुकसंचाच्या वाचनावरील ‘नोव्हा’ मालिकेतील दोन तासांच्या कार्यक्रमाचे निवेदन केले, आणि अखेर न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी नभोवाणीवरील ‘रेडिओलॅब’ या कार्यक्रमाचे सहनिवेदक म्हणून ते जगभर परिचित झाले. २०२० च्या प्रारंभी त्यांनी त्या कार्यक्रमातून निवृत्ती स्वीकारली.

अर्थशास्त्र हा विषय रेडिओवर सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याच्या हाताला बटण फिरविण्याचे निमित्त देणे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजाचे दर कसे चढविते-उतरविते हे समजावून देताना क्रुलविच यांनी एक युक्ती केली. त्यांनी ‘रात्तो इंतेरेस्सो’ नावाचा एक काल्पनिक इटालियन संगीतनाट्य-प्रयोगच नभोवाणीवर सादर केला. व्याजदर हा नाट्याचा नायक होऊ शकतो, ही कल्पनाच मोठी मौजेची. पण ती केवळ मौजेसाठी निवडलेली नव्हती. दर चढला की कर्ज महागते, कर्ज महागले की उद्योग हात आखडता घेतो, उद्योग थंडावला की रोजगार आटतो. आणि दर फार उतरला तर पैसा सैल होऊन किमती भडकतात. या दोन संकटांमधला ताण हा मुळातच नाट्याचा ताण आहे. क्रुलविच यांनी बाहेरून नाट्य चिकटविले नाही. विषयात दडलेले नाट्य त्यांनी ओळखले. मराठी माणसाने सौभद्रापासून संगीत रंगभूमी पाहिलेली असल्यामुळे, सामान्य बोलणे जेथे अपुरे पडते तेथे पद सुरू होते, हे त्याला निराळे समजावून द्यावे लागत नाही.

दूरचित्रवाणीवर डीएनएची रचना सांगताना त्यांनी केळे हाती घेतले. शाळेच्या फळ्यावर वळणदार शिडीची आकृती काढली की मुलांना ती प्रयोगशाळेतील काही अद्भुत वस्तू वाटते. तीच शिडी फळवाल्याच्या गाडीवरील केळ्यातही आहे, त्याच चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेली आहे, आणि पेशीची अगदी मूलभूत कामे करणारी कितीतरी जनुके केळ्यात व माणसात सारखी आढळतात, हे कळले की ज्ञान घरात येते. केळे सोलणाऱ्या हाताचे आणि केळ्याचे दूरचे नाते आहे, या विचाराने प्रथम हसू येते. हसू ओसरल्यावर उरते ते सर्व सजीवांच्या एकाच उगमाचे सूत्र.

२००७ साली त्यांनी एनपीआरसाठी हवामानबदलावर पाच लहान हलत्या व्यंगचित्रांची मालिका केली. तिचा नायक होता कार्बनचा अणू. कार्बनला चार बंध जोडता येतात, हे रसायनशास्त्रातले वाक्य. चार हात पसरून, जो भेटेल त्याला धरू पाहणारा एक लघळ प्राणी, हा त्याचा दृष्टान्त. लाकडात, कोळशात, पेट्रोलमध्ये हे हात एकमेकांत व हायड्रोजनशी गुंतलेले असतात. जाळले म्हणजे ही जुनी गुंतवळ सुटते, कार्बन ऑक्सिजनच्या दोन अणूंना घट्ट पकडतो, त्या नव्या पकडीत उष्णता बाहेर पडते. तिच्यावर गाड्या धावतात, आणि ती जोडी कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत साचते. येथे दृष्टान्तातील हातांची संख्या, त्यांची पकड, पकडीची सुटका ही सारी अंगे रसायनाच्या अंगांशी जुळतात. दार्ष्टान्तिक म्हणतात ते हे. चित्र हसरे आहे म्हणून सिद्धान्त सैल झालेला नाही.

या साऱ्या खटाटोपाला पूर्ण रूप मिळाले ते ‘रेडिओलॅब’मध्ये. तेथे त्यांचे सहकारी होते जॅड अबुमराड. ते वयाने क्रुलविच यांच्यापेक्षा सुमारे पाव शतकाने लहान, शिक्षणाने संगीतरचनाकार, लेबनॉनहून आलेल्या कुटुंबातले, आणि योगायोगाने त्याच ओबरलिन महाविद्यालयाचे विद्यार्थी. दोन पिढ्यांची दोन माणसे एका विषयावर बोलत आहेत, एक सांगतो आहे, दुसरा मधेच अडवितो आहे, शास्त्रज्ञाचे वाक्य अर्धे येते आणि उरलेले निवेदक पुरे करतो, मागे संगीत विचारासारखे चढते-उतरते आहे, अशी या कार्यक्रमाची घडण होती. २०१० सालच्या पीबडी पुरस्काराने तिचा गौरव झाला. या जोडीत क्रुलविच यांनी बहुतेक वेळा स्वीकारलेली भूमिका शंकेखोर श्रोत्याची होती. कीर्तनकाराच्या मागे उभा असलेला साथीदार जसा योग्य जागी ‘म्हणजे कसे, बुवा?’ असे विचारतो आणि त्यामुळे सभेतील शंभर जणांच्या मनातली शंका एकाच्या तोंडून बाहेर पडते, तशीच ही भूमिका होय. न समजणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, हे त्यांनी स्वतःच्या वर्तनाने दाखविले. विज्ञानाची पदवी नसणे येथे त्यांच्या कामी आले.

त्या कार्यक्रमातील एक उदाहरण भाषेच्या अभ्यासकांना विशेष आवडेल. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच या १९९५ साली आपल्याच ध्वनिमुद्रित निवेदनावर काम करीत होत्या. त्यातला चार शब्दांचा एक तुकडा यंत्रावर पुनःपुन्हा वाजत राहिला. काही वेळाने त्यांना वाटले, खोलीत कोणी गात आहे. तेच शब्द, त्याच ध्वनिलहरी, तसूभरही बदल नाही. केवळ आवृत्तीमुळे बोलण्याचे गाणे झाले होते. २००६ च्या एका भागात श्रोत्यांना हे प्रथम सांगितले गेले नाही. त्यांना तो तुकडाच ऐकविला गेला, पुन्हा ऐकविला गेला, आणि त्यांच्या कानातच गद्याचे पद झाले. यानंतर सूत्र सांगितले गेले : बोलणे व गाणे यांतील भेद केवळ ध्वनीत नसतो, ऐकणारा मेंदूही तो घडवितो. भजनात एकच नाम वारंवार म्हणताना शब्दाला आपोआप चाल कशी लागते, याचा अनुभव असलेल्या श्रोत्याला हे लगेच उमगेल. अशा ठिकाणी श्रोता हाच प्रयोगशाळा होतो. नभोवाणीला चित्र दाखविता येत नाही, ही तिची उणीव येथे तिचे सामर्थ्य झाली.

हे सारे कशासाठी, याचे उत्तर क्रुलविच यांनी २००८ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक, या विख्यात संस्थेच्या पदवीदान समारंभात दिले. समोर बसलेल्या तरुण शास्त्रज्ञांना त्यांनी एक साधा प्रसंग कल्पावयास सांगितला. घरचा कोणी माणूस किंवा जुना मित्र विचारतो, तू नेमके काय करतोस? तेव्हा ‘सोडा, ते तुम्हाला कळणार नाही’ असे म्हणून विषय टाळण्याचा मोह होतो. तो टाळा आणि गोष्ट सांगा, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. जगाच्या उत्पत्तीविषयी, जीवसृष्टीविषयी इतर अनेक गोष्टी लोकांच्या कानावर पडत असतात, आणि त्या रसाळपणे सांगितल्या जातात. विज्ञान गप्प राहिले तर त्याची जागा रिकामी राहत नाही, दुसरे कोणी ती भरून काढते, ही त्यांची खरी चिंता होती.

त्या भाषणात त्यांनी गॅलिलिओ व न्यूटन या दोन महापुरुषांची तुलना केली होती. न्यूटनने १६८७ चा आपला महाग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला, आणि अर्धवट जाणत्यांनी नसते वाद घालू नयेत म्हणून तो बुद्ध्याच अवघड ठेवला, असे त्याच्या परिचितांनी नोंदविले आहे. उलट गॅलिलिओने १६३२ चा आपला ‘संवाद’ लोकांच्या इटालियन भाषेत लिहिला. त्यात तीन पात्रे आहेत. साल्व्हियाती नव्या मताचा, सिंप्लिचियो जुन्या मताचा, आणि साग्रेदो हा कोणत्याच पक्षाचा नसलेला, पण बुद्धिमान व उत्सुक असा सामान्य गृहस्थ. पृथ्वी फिरते तर आपल्याला ते जाणवत कसे नाही, या आक्षेपावर या ग्रंथात एक सुंदर दृष्टान्त आहे. संथ पाण्यावर एकसारख्या वेगाने चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत फुलपाखरे सोडा, भांड्यात मासे ठेवा, वर टांगलेल्या बाटलीतून पाणी थेंब थेंब गळू द्या. जहाज उभे आहे की चालले आहे हे त्यांच्या हालचालींवरून ओळखता येणार नाही. सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक, तिन्ही जागच्या जागी! दुसऱ्याच वर्षी, १६३३ मध्ये, गॅलिलिओवर धर्मपीठाने खटला चालविला आणि १६४२ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नजरकैदेत राहावे लागले. विद्वानांच्या भाषेतील मत विद्वानांपुरते राहते. लोकभाषेत आलेले मत सत्तेला अस्वस्थ करते. संस्कृत सोडून मराठीत गीतार्थ सांगणाऱ्या ज्ञानदेवांच्या परंपरेत वाढलेल्यांना याचे मर्म निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. क्रुलविच यांनी स्वतःसाठी निवडलेली भूमिका साग्रेदोचीच होती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

परंतु गौरवाच्या भरात दोषांवर पांघरूण घालणे हे ग्रंथालयाच्या व्यासपीठाला शोभणारे नाही. खेळकर विज्ञानकथनाला दोन धोके असतात, आणि क्रुलविच यांच्या कामात दोहोंची उदाहरणे सापडतात.

पहिला धोका दृष्टान्त फार सुंदर होण्याचा. २०१२ मध्ये ‘रेडिओलॅब’ने रंगांवर एक भाग केला. कुत्र्याच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशींचे दोन प्रकार, माणसाच्या डोळ्यात तीन, काही फुलपाखरांत पाच वा अधिक, आणि मँटिस श्रिंप नावाच्या, कोळंबीसारख्या दिसणाऱ्या समुद्रजीवात तब्बल बारा. ही चढती भाजणी त्यांनी समूहगायनातून ऐकविली. कुत्र्याच्या इंद्रधनुष्याला मोजकेच स्वर, माणसाच्या वाट्याला त्याहून अधिक, आणि त्या समुद्रजीवाची पाळी येताच सारा गायकवृंद एकदम उचंबळून उठतो. श्रोत्याच्या अंगावर रोमांच उभे राहावेत असा तो क्षण. पण जानेवारी २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्या जीवाला प्रत्यक्ष रंग ओळखावयास लावले, तेव्हा जवळजवळच्या छटांतील फरक त्याला माणसाइतकाही कळत नाही, असे दिसून आले. पेशींचे प्रकार अधिक असले म्हणजे रंगही त्याच प्रमाणात अधिक दिसतात, हे गृहीत शास्त्रज्ञांनाही स्वाभाविक वाटत होते; तेच ढासळले. यात अप्रामाणिकपणा कोणाचाही नव्हता. मात्र दुरुस्ती झाली ती प्रयोगशाळेत. श्रोत्यांच्या कानात राहिला तो गायकवृंद. दृष्टान्त जितका देखणा, तितके त्याचे दार्ष्टान्तिक वरचेवर तपासून पाहण्याचे उत्तरदायित्व मोठे, हा यातला बोध.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे, कारण तेथे प्रश्न माणसांच्या दुःखाचा आहे. १९७५ मध्ये लाओसमध्ये साम्यवादी राजवट आली. तत्पूर्वीच्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या ह्मोंग या डोंगरी जमातीवर भयंकर अत्याचार सुरू झाले आणि हजारो लोक जंगलातून पळत सुटले. आपल्यावर आकाशातून पिवळे थेंब पडले, त्यानंतर माणसे व जनावरे मेली, असे त्यांनी सांगितले. १९८१ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी हे सोव्हिएत बनावटीचे विषास्त्र असल्याचा आरोप केला. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळालेले नमुने तपासले, तेव्हा त्यांत आढळले ते फुलांचे परागकण, आणि तेही पचून आतून पोकळ झालेले. मधमाश्यांचे थवे आकाशात एकाच वेळी विष्ठा टाकतात. पिवळा पाऊस म्हणजे ती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९८४ मध्ये थायलंडमध्ये मेसेल्सन व मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली स्वतःच अशा वर्षावात सापडले. विज्ञानाच्या दृष्टीने ही विलक्षण शोधकथा आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये ‘रेडिओलॅब’ने ती सांगितली आणि त्यासाठी एंग यांग या ह्मोंग निर्वासितास बोलाविले. दुभाषाचे काम त्यांची पुतणी, लेखिका काओ कालिया यांग, करीत होत्या. क्रुलविच प्रश्न विचारीत गेले : विमानातून ते थेंब पडताना आपण स्वतः पाहिले काय? ही ऐकीव माहिती तर नव्हे? न्यायालयातील उलटतपासणीसारखा त्यांचा सूर चढत गेला. अखेर त्या लेखिकेला रडू कोसळले. आपल्या लोकांनी जे भोगले ते कोणी ऐकून घेत नाही, केवळ थेंबांचीच चौकशी चालली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि मुलाखत तेथेच थांबली. कार्यक्रमाने हा कटू भाग वगळला नाही, तो ऐकविला. श्रोत्यांनी तीव्र नापसंती दर्शविली आणि काही दिवसांतच क्रुलविच यांनी आपल्या कठोर सुराबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. पुढे काओ कालिया यांग यांनीही आपली बाजू स्वतंत्र लेख लिहून मांडली.

येथे चूक कशात होती? मेसेल्सन यांचे परागकण पुराव्यानिशी समोर होते. ह्मोंग माणसे मारली गेली, हेही तितकेच खरे. थेंब कशाचे होते हा एक प्रश्न, आणि आमची माणसे का मेली हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराने दुसरा मिटत नाही. ‘दृष्टान्तपाठा’तील जात्यंध व हत्ती यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या हाती सोंड लागली त्याला हत्ती एका आकाराचा वाटला, ज्याच्या हाती पाय लागला त्याला दुसऱ्या. स्पर्श कोणाचाही खोटा नव्हता, खोटा होता तो संपूर्ण हत्ती हाती आल्याचा आग्रह. त्या दिवशी क्रुलविच यांच्या हाती एक खरा अवयव होता आणि समोरच्या वृद्धाच्या हाती दुसरा. हार्वर्डच्या प्राध्यापकासमोर ‘मला समजत नाही, समजावून सांगा’ असे म्हणणारा साग्रेदो, एका निर्वासितासमोर येताच तेच वाक्य विसरला. विज्ञानातील जिज्ञासा आणि माणसांविषयीची नम्रता ही दोन निरनिराळी व्रते नव्हेत. प्रश्न विचारणाऱ्याने आपले अज्ञान मान्य करावयाचे, तर ते मोठ्यांपुढे आणि लहानांपुढे सारखेच मान्य केले पाहिजे.

क्रुलविच यांच्या चरित्रातून मराठी वाचकाने घ्यावयाचे ते एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. लोकभाषेतून शास्त्र सांगण्याची परंपरा मराठीला नवी नाही. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केले ते भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन असे विषय मराठीत यावेत म्हणून. १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ने आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषदेने ते कार्य पुढे नेले. याच परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली, आणि ते नाव धारण करणारे गृहस्थ डॉ. जयंत नारळीकर आहेत हे मागाहून उघड झाले. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञाने आपले नाव लपवून, इतर स्पर्धकांच्या पंक्तीला बसून, मराठीत गोष्ट सांगावी, यात कॅलटेकच्या त्या भाषणाचे सार चौतीस वर्षे आधीच सामावलेले होते. मे २०२५ मध्ये डॉ. नारळीकर निवर्तले, त्यांची पुस्तके मात्र ग्रंथालयांच्या कपाटांतून वाचकांची वाट पाहत आहेत.

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. आजोबांचे वाचन मराठीत, वडिलांचा व्यवहार गुजरातीत, मुलाचे शिक्षण इंग्रजीत, अशी घरे या शहरात शेकड्यांनी आहेत. तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करणारा मुलगा किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी सून घरी येते. आजी विचारते, ‘बाई, दिवसभर तिथे तू करतेस तरी काय?’ आणि उत्तर येते, ‘काही नाही, आई, कामच असतं.’ या उत्तरात दुरावा नसतो, शब्दांचा अभाव असतो. पण असे उत्तर रोज मिळत गेले म्हणजे मराठी ही केवळ जेवणाची, सणावाराची आणि आठवणींची भाषा होऊन बसते. विचाराची वाढ दुसऱ्या भाषेत होऊ लागते. भाषा मरते ती शत्रूच्या हातून कमी. नव्या ज्ञानाचा तिच्या घरी राबता थांबला म्हणजे ती हळूहळू आटते.

यावर उपाय मोठ्या खर्चाचा नाही. महिन्यातून एका संध्याकाळी, याच सभागृहात, एका सभासदाने आपले काम मराठीत सांगावे : कोणी उत्प्रेरकाविषयी, कोणी रक्ततपासणीविषयी, कोणी संगणकाच्या आज्ञावलीविषयी. अवघड शब्द इंग्रजी असला तर असू द्यावा. वाक्य मराठी असावे. समोर बसलेल्या सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान श्रोत्याला कोठेही अडविण्याचा अधिकार असावा. वक्त्याने सूत्र सांगावे, मनापासून खेळ करून दृष्टान्त द्यावा, आणि तो कोठवर लागू पडतो व कोठे पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगून थांबावे. श्रोत्यांपैकी कोणी आपला अनुभव सांगू लागला, तर वक्त्याने त्याचा श्रोता व्हावे.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी येथे पहिली कपाटे मांडली, त्यांनी ज्ञान पेटीत घालून वाचकाच्या दारी नेण्याचे युग पाहिले होते. पुढील शतकात पुस्तकांच्या पेट्या राहतील वा न राहतील. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या प्रश्नाला त्याच्याच भाषेत, आनंदाने आणि खरेपणाने उत्तर देणारी माणसे मात्र या ग्रंथालयात घडत राहोत, ही शताब्दीनिमित्त सदिच्छा.